तीन नंबरची दाढ

आमच्याकडे माणूस घेताना त्याचं तोंड बघत नाहीत, त्याने कोरलेली दाढ बघतात. हा नियम मी लावला. सहा वर्षांपूर्वी भांडून लावला आणि तेव्हापासून ज्याला त्याला ऐकवून लोकांचे कान किटवले. म्हणून आता जे सांगणार आहे ते सांगताना मान वर करवत नाही. तरी सांगते. पोटात ठेवून ठेवून नुसतं आंबायला लागलंय.

आमचा कारखाना म्हणजे काही धुराडंबिराडं नाही. एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर लांब खोली आहे, खिडक्यांलगत सात टेबलं, प्रत्येक टेबलावर एक बर्नर, एक दिवा आणि प्लॅस्टरची पांढरी धूळ. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे साचे पाठवतात, आम्ही त्यावरून कॅपा आणि कवळ्या करून परत पाठवतो. आधी मेणात कोरायचं, मग धातूत ओतायचं. मेणात चुकलं की पुढे सगळीकडे चुकतं. त्या मेणाच्या टेबलावर मी अठ्ठावीस वर्षं बसतेय. सगळे मला ताई म्हणतात, मालकीणसुद्धा. ती स्वतः दातांची डॉक्टर, म्हणून आम्ही तिला डॉक्टरबाई म्हणतो. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आणि स्वभावाने खरंच चांगली. हे मुद्दाम सांगते, नाहीतर तुम्ही सगळं तिच्या माथी मारून मोकळे व्हाल.

पूर्वी आमच्याकडे कोण कुणाचा भाचा हे बघून माणूस घ्यायचे. एकदा एका मोठ्या डॉक्टरचा पुतण्या आला. त्याने तीन महिन्यांत इतके साचे फोडले की आमचा पॉलिशवाला म्हणाला, "ताई, याला कामावर घेतलाय की आपल्यावर सोडलाय?" मी तशीच उठून डॉक्टरबाईंसमोर जाऊन बसले. म्हटलं, "परीक्षा घ्या. प्रत्येकाला मेणाचा ठोकळा द्या, दीड तास द्या आणि खालची मोठी दाढ कोरायला सांगा. ट्रेवर फक्त नंबर. नाव, पत्ता पाकिटात बंद. दाढ निवडून झाली की मगच पाकीट फोडायचं." डॉक्टरबाई म्हणाल्या, "ताई, तुम्ही न्यायाधीशच व्हायचं होतं." मी वरवर हसले, पण आत अशी काही फुगले होते की विचारू नका.

यंदा मेणाच्या टेबलावर माझ्या शेजारची जागा रिकामी झाली आणि पाच जण परीक्षेला बसले. परीक्षा चालू असताना मी खोलीत पाऊल ठेवत नाही, हाही माझाच नियम. दीड तासाने उमेदवार बाहेरच्या बाकावर जाऊन बसले आणि पाच ट्रे माझ्यासमोर आले.

एक नंबर म्हणजे नुसता बटाटा. दोन नंबरला दाढेचा वरचा भाग बरा जमला होता, पण मूळच विसरलं होतं. चार नंबरवाल्याने पुस्तकातलं चित्र पाठ करून आल्यासारखं काम केलं होतं. पाच नंबर सुबक होता, जरा उथळ, पण शिकवला तर तयार होईल असा.

तीन नंबर मी हातात घेतला आणि खुर्चीत नीट बसले.

खालच्या मोठ्या दाढेला पाच उंचवटे असतात, तीन बाहेरच्या अंगाला आणि दोन जिभेच्या. बाहेरचा शेवटचा इतका बारका असतो की नवखे तो हटकून विसरतात. तीन नंबरने तो केला होता, आणि नुसता केला नव्हता, जरा झिजवला होता. ती दाढ चावलेली होती हो! वीस वर्षं कुणीतरी जेवलंय तिने असं वाटत होतं. सगळे जण नवीकोरी दाढ कोरतात. माणसाच्या तोंडातली दाढ अशी झिजलेली असते हे कळायला मला स्वतःला चार वर्षं लागली होती. माझ्या तोंडून "वा गं वा" निघून गेलं. पलीकडून पॉलिशवाल्याने विचारलं, "मिळाली वाटतं शेजारीण?"

मग मी दाढ दिव्याखाली धरली. प्रत्येक खाच जिथे संपत होती तिथे नखाची बारीकशी खूण होती. डाव्या अंगठ्याच्या नखाची. दुसऱ्या कुणाच्या नजरेलाही पडली नसती. मी मात्र ती खूण अंधारात चाचपून ओळखीन.

आता मी कुठली ते सांगायला हवं. पूल ओलांडून पलीकडे उतरलं की उजव्या हाताला फणीवाल्यांची वस्ती आहे. शिंगाच्या आणि लाकडाच्या फण्या करणारी माणसं. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही दातच कोरले, फक्त फणीचे. एकेक दात कापला की डाव्या अंगठ्याच्या नखाने त्याची कूस, म्हणजे कडेला राहिलेलं कुसळ उडवायचं, मग तो केसात अडकत नाही. पाच वर्षांचं पोरही ते झोपेत करतं. पण शहरात आमची ओळख फण्यांची नाही. कुणाचं काही हरवलं की लोक म्हणतात, "पुलापलीकडचा हात लागला वाटतं." गमतीत म्हणतात, आणि म्हणता म्हणता खिसा चाचपतात.

मी त्या वस्तीत जन्मले. लग्न झालं, आडनाव बदललं, पत्ता बदलला आणि मी कुणाला काही बोलले नाही. खोटं कुठे बोलले, कुणी विचारलंच नाही, असं स्वतःला समजावत आले. कामाला लागले तेव्हा माझाही अंगठा असाच आपोआप जायचा. जुने मास्तर ओरडायचे, "ही खूण कसली ठेवतेस?" मी म्हणायचे, सवय आहे. दोन वर्षं अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळून काम केलं तेव्हा ती सवय गेली. मास्तरांनी ओळखलं असेल. ते बोलले नाहीत आणि मीही बोलले नाही. आमच्याकडे कॅपांसाठी सोनं असतं. बारा वर्षांपूर्वी फरशी पुसणारी एक बाई पुलापलीकडची निघाली, तर थोरल्या मालकांनी, म्हणजे डॉक्टरबाईंच्या वडिलांनी, तिला त्याच दिवशी घरी पाठवलं. काही हरवलं नव्हतं. मी मान खाली घालून मेण वितळवत बसले होते.

तर ती दाढ हातात घेऊन माझ्या डोक्यात पहिलं काय आलं असेल? हे पोर माझ्या शेजारी बसणार. रोज आठ तास. त्याचा अंगठा चालणार, माझा त्याच्याकडे बघून चालणार, आणि एखाद्या दिवशी ते सगळ्यांदेखत मला विचारणार, "तुम्ही कुठल्या हो?" बस, एवढंच आलं. दाढ किती चांगली आहे ते त्याच्यानंतर आलं. मी तीन नंबर खाली ठेवला आणि पाच नंबर घेऊन डॉक्टरबाईंकडे गेले.

डॉक्टरबाईंना डोळे आहेत. त्या स्वतः उठून ट्रेपाशी आल्या आणि म्हणाल्या, "ताई, तीन नंबर का नाही? मला तर हाच फार आवडला."

"हात स्वच्छ नाही," मी म्हटलं. "खाचेत नखाची खूण राहिलीय. बघा."

त्यांनी भिंग लावून बघितलं. "इश्श, एवढंच ना? आठवड्यात घालवाल तुम्ही. बोलवा त्यांना."

ती आत आली. चोवीस-पंचवीसची असेल, केस घट्ट बांधलेले, चेहऱ्यावर प्लॅस्टरचा एक पांढरा फराटा. डॉक्टरबाईंनी तिला खूण दाखवली. ती म्हणाली, "जाईल ती, अंगठ्याला पट्टी बांधून काम करीन." एवढंच बोलली. माझ्याकडे तिने एकदाही बघितलं नाही. मला बरं वाटलं. म्हटलं, ओळखत नाही आपल्याला.

"मग झालं तर," डॉक्टरबाई हसल्या. "ताई, पाकीट फोडायचं?"

इथे मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. पाकीट फुटल्यावर पत्ता त्यांनीच वाचला असता आणि काय करायचं ते त्यांनी ठरवलं असतं. कदाचित घेतलीही असती. ते "कदाचित"च मला नको होतं. काय अवदसा आठवली कुणास ठाऊक, मी डॉक्टरबाईंच्या जवळ सरकून हळूच म्हणाले, "आधी पत्ता बघा. पुलापलीकडची आहे. आपल्याकडे सोनं असतं."

हळूच म्हणजे काय, ती चार हातांवर उभी होती. तिला ऐकू गेलं.

डॉक्टरबाईंनी पाकीट फोडलं, वाचलं, आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांना वाईट वाटलं, ते मला दिसलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला कसं कळलं हो?"

"इतकी वर्षं माणसं बघतेय," मी म्हटलं. "बोलण्यावरून कळतं."

ती बोललीच होती किती! एक वाक्य. जेमतेम एक वाक्य.

डॉक्टरबाई तिला म्हणाल्या, "काम छान आहे तुमचं. आम्ही कळवू." कळवू म्हणजे काय ते बाकावर बसलेल्या एक नंबरच्या बटाट्यालाही कळतं. तिने मान हलवली, टेबलावरचं आपलं कोरायचं हत्यार उचललं, फडक्यात गुंडाळलं आणि दोघींना मिळून म्हणाली, "येते." जाताना तिने दार न वाजवता लावलं. दार आपटून गेली असती तर मला राग धरता आला असता.

"बरं झालं ताई, तुम्ही होतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमच्यासारखं माणूस असलं की मला घोर नाही." मी "हो" म्हटलं. आणखी काय म्हणणार?

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो टपालखात्यात होता, आता निवृत्त आहे. मी कुठली हे पुलाच्या अलीकडे त्याला एकट्याला माहीत. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू तरी काय करणार? तुझ्या जागी कुणीही हेच केलं असतं." मी त्याच्यावर अशी काही उखडले की बिचारा चहाचा कप घेऊन गॅलरीत जाऊन बसला. त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर मी दोन घास जेवले असते. समजूत घातली आणि अन्न गोड लागेनासं झालं. आरशासमोर केस विंचरायला उभी राहिले तर हातात प्लॅस्टिकची फणी. ती मी कपाटात टाकली आणि बोटांनीच केस सारखे केले.

पाच नंबर सोमवारी रुजू होणार होता. रविवारी सकाळी मी निघाले. फायलीतून तिचा पत्ता लिहून घेतला होता, पण त्याची गरज पडली नाही. पाय आपोआप वळले. पुलावर मात्र मी छत्री उघडली. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. छत्री तोंडापुढे धरून चालले. माफी मागायला निघाले होते आणि तीही तोंड लपवून. धन्य माझी!

वस्ती आता बोडकी वाटली. पूर्वी दारोदार फण्या घासल्याचा आवाज असायचा, शिंग जळल्याचा वास असायचा. आता त्या दोन-तीन घरांतच राहिल्यात, तेही दुकानात शोभेला ठेवायच्या. बाकीचे मिळेल ते करतात, म्हणजे पत्ता सांगून जे मिळतं ते. तिच्या दाराशी एक म्हातारा खुर्चीत बसला होता, डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा. मी काही विचारायच्या आत आतून ती बाहेर आली.

"या आत्या," ती म्हणाली.

मी उंबऱ्यातच थांबले. अठ्ठावीस वर्षं सगळ्या जगाची ताई झाले होते. आत्या म्हणणारं माणूस पुलाच्या या बाजूलाच भेटणार.

"ओळखतेस मला?"

"म्हणजे काय! तुमची आई आणि माझी आजी एका ओट्यावर बसून फण्या घासायच्या. बसा ना."

मी बसले. खिडकीत साबणाच्या वड्यांमधून कोरलेल्या दाढा ओळीने मांडल्या होत्या, पंचवीसतीस तरी असतील. पुढे काचेच्या वाटीत एक खरी दाढ होती, म्हाताऱ्याची, पडलेली. तीच समोर ठेवून शिकली होती ती. म्हणून तिची दाढ चावलेली होती.

"मग तिथे का नाही बोललीस?" मी म्हटलं. आवाज उगाच चढला. चूक माझी आणि ओरडत होते तिच्यावर. "मी तुझ्या तोंडावर तसं बोलले. तू एक शब्द बोलली असतीस तर माझं सगळं उघडं पडलं असतं."

"आजीने बजावून पाठवलं होतं. तिथे आपली आत्या आहे, तिला ओळख द्यायची नाही, तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. तिला त्रास व्हायला नको."

मला रडू फुटलं. मी काही रडणारी बाई नाही, पण तिथे रडले. म्हातारा विचारू लागला, "कोण आहे गं? काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही बाबा, कामाच्या ठिकाणच्या बाई आहेत." बापालाही तिने सांगितलं नाही.

मी डोळे पुसले आणि म्हटलं, "उद्या ये. मी डॉक्टरबाईंना सगळं सांगते. मी कुठली तेही सांगते. तुझी जागा तुला मिळालीच पाहिजे."

हे बोलताना मला खरंच वाटत होतं हो, की मी सांगेन.

ती माझ्यासमोर जमिनीवर बसली. चिडलेली नव्हती. हिशोब आधीच करून ठेवलेल्या माणसासारखी बोलली. "आत्या, याआधी चार ठिकाणी जाऊन आले. सगळीकडे पत्त्यावर गाडी अडली. तुमच्याकडे आले, कारण तुमच्याकडे नंबर असतात. तुम्ही उद्या सांगितलंत तर मला घेणार नाहीतच, तुमच्याही मागे नजर लावतील. आणि तुम्ही लावलेले म्हणून नंबरही बंद होतील. पुढच्या वर्षी माझी चुलत बहीण बसायचं म्हणतेय. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे."

"नंबरांचं तुला कुणी सांगितलं?"

"वस्तीत सगळ्यांना माहितीय. आजी तर ज्याला त्याला सांगते, आपली आत्या तिकडे गेली पण विसरली नाही, आपल्या पोरांसाठी नंबर लावून घेतले तिने." ती पहिल्यांदाच हसली. "तुम्हीच लावलेत ना?"

मी "हो" म्हटलं. नंबर लावले तेव्हा माझ्या डोक्यात एक डॉक्टरचा पुतण्या होता आणि फुटलेले साचे होते. पुलापलीकडचं एक तोंडही माझ्या डोळ्यांसमोर आलं नव्हतं. हे तिला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. आणि ती उद्या येणार नाही, मला काही सांगावं लागणार नाही, हे कळल्यावर माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मला सुटल्यासारखं वाटलं. बाकी सगळ्याची लाज वाटते, पण त्या एका क्षणाची जितकी वाटते तितकी कशाचीच वाटत नाही.

"एक काम करा आत्या," ती म्हणाली. "पट्टी बांधीन म्हटलं खरं, पण तुम्ही ती खूण कशी घालवलीत ते नीट दाखवा. पुढच्या ठिकाणी ती बघून कुणी ओळखायला नको."

मी तिचा अंगठा हातात घेतला. चिकटपट्टी कुठून गुंडाळायची, नख कितपत झाकायचं, पहिले पंधरा दिवस हात कसा दुखतो, सगळं सांगितलं. ती एकदा सांगून शिकली. साबणाच्या वडीवर एक खाच ओढून दाखवली, स्वच्छ. शेवटाला काही नाही. मी म्हटलं, "छान." माझ्याकडून तिला मिळालं ते एवढंच, स्वतःला कसं पुसायचं ते.

मी उठले, छत्री घेतली. दारात तिने मला हाताने अडवलं.

"थांबा आत्या. रविवारी पुलावर तिकडचे लोक फिरायला येतात. मी आधी बघून येते."

ती रस्त्यापर्यंत गेली. पुलाच्या बाजूला बघितलं, मग दुसऱ्या बाजूला. माझ्यासाठी. जिची नोकरी मी खाल्ली ती पोर मला कुणी बघू नये म्हणून रस्त्यावर उभी राहून पहारा देत होती. मग तिने हात केला आणि दबक्या आवाजात म्हणाली, "कुणी नाही. जा आता पटकन."

आणि मी पटकन गेले.